पाहुणा दुर्बीण घेऊन येतो तेव्हा

वाचकांचं टपाल

एकतीस वर्षं मी आंजर्ले-केळशीच्या बाजूला लोकांची पत्रं त्यांच्या पडवीत नेऊन टाकली. आता निवृत्तीनंतर लोक मला पत्रं टाकतात, हे देवाने फिटंफाट केलं म्हणायचं. टपाल वाटता वाटता पाखरांचा नाद लागला आणि त्या नादापायी बाहेरदेशीचे पाहुणे घरी यायला लागले. गेल्या अंकात त्यांच्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली काही इथे घेतो.

*पोस्टमनकाका, आमच्या घरच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. डिसेंबरात नेदरलँडचं एक वयस्कर जोडपं चार दिवस येणार आहे. मुलाने बुकिंग घेतलं. "आम्हाला फक्त पक्षी बघायचेत" असं त्यांनी कळवलंय. मला कावळा, चिमणी, बगळा सोडून काही ओळखता येत नाही. त्यांना दाखवू काय?*
— एक गृहिणी, गुहागरजवळून

ताई, पाखरं त्यांची ती ओळखतील. त्यासाठीच जाडजूड पुस्तक घेऊन येतात. पण कुणाच्या परड्यातला उंबर पिकलाय, पाणंद कुठे निघते, खाजणात पाय कुठे रुततो आणि पुळणीवर पाणी किती वाजता चढतं, हे त्यांच्या पुस्तकात नसतं. ते तुम्हाला ठाऊक आहे. तेवढं सांगा.

त्यातही भरती-ओहोटी नीट सांगा. ओहोटीला चिखले, तुतवार, कुरल ही मंडळी लांब पाण्याच्या कडेला पांगतात आणि दुर्बिणीतूनही मोहरीएवढी दिसतात. पाणी चढायला लागलं की मागे सरकत सरकत एका पट्ट्यात गोळा होतात. म्हणून भरतीच्या दोन तास आधी जाऊन बसायचं, गुडघे दुमडून, आणि पाखरांना आपल्याकडे येऊ द्यायचं. आपण त्यांच्या मागे गेलो की ती उडतात.

भरतीची वेळ तुमच्या सासऱ्यांना विचारा. तिथीची पाऊणपट करायची, झालं. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच, आणि दिवसा जी वेळ तीच थोड्या मिनिटांच्या फरकाने रात्री. एका पाहुण्याने फोनवर भरतीचं वेळापत्रक उघडलं होतं. मी दारामागे टांगलेलं पंचांग बघून "नऊ" म्हणालो. त्याच्या आणि माझ्या वेळेत वीस मिनिटांचा फरक निघाला. त्याने माझ्याकडून तो हिशेब वहीत लिहून घेतला आणि तिथी म्हणजे काय हे समजावता समजावता माझीच बोबडी वळली. तेव्हा त्यांचं येणं द्वादशी-त्रयोदशीला आलं तर उत्तम. सकाळी सातला पुळणीवर, नऊ-पावणेदहाला भरती, ऊन तापायच्या आत घरी.

न्याहारी घरी साडेआठला वाढायची सवय असेल तर ती चार दिवस विसरा. पहाटे साडेपाचला चहा, बरोबर डब्यात घावन किंवा पोहे, मिरची वेगळी. आल्यावर जेवण. मासे खातील का ते आधी विचारा. पाखरं बघणाऱ्यांत न खाणारे बरेच निघतात. मोदक सगळ्या जगाला आवडतात हा आपला समज आहे, माझ्या अनुभवात निम्मे पाहुणे पहिला मोदक संपवून दुसऱ्याकडे घाबरून बघतात.

आणि हे विसरू नका : परदेशी माणूस मुक्कामाला आला की चोवीस तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरायची असते. ज्याला आपण सगळे सी-फॉर्म म्हणतो तो. मोठं हॉटेल असो की तुमची घरातली खोली. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांचे फोटो आल्या आल्या घ्या. नंतर ते दिवसभर रानात असतात आणि संध्याकाळी अंगणात झोपाळ्यावर डुलक्या देतात, तेव्हा मागायला आपल्यालाच जड जातं.

*काका, मी दापोलीत कॉलेजला आहे. सुट्टीत पाहुण्यांना पक्षी दाखवायला जातो. मला आपली नावं येतात, इंग्रजी येत नाहीत. मित्र म्हणतो इंग्रजी पाठ कर, आपली नावं कुणाला लागतात? काय करू?*
— एक विद्यार्थी, दापोली

इंग्रजी पाठ कर, त्यात वाद नाही. पण आपली सोडू नकोस, आणि मुख्य म्हणजे आपलं नाव कुठल्या गावात कुणाला लावतात ते विचारत जा. ते न विचारल्यामुळे माझी कशी फजिती झाली ते ऐक.

इंग्लंडहून एक निवृत्त मास्तर आले होते. त्यांना पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड बघायचा होता. हा आपल्या किनाऱ्याचा राजा. करडे पंख, पांढरं स्वच्छ पोट, शेपूट आखूड पाचरीसारखी. समुद्रकाठच्या उंच झाडावर वर्षानुवर्षं तेच घरटं डागडुजी करून वापरतो. झाडाखाली माशांचे काटे आणि समुद्रसापांचे मणके पडलेले दिसतात. आमच्या बाजूचं नेहमीचं झाड त्या वर्षी रिकामं होतं. मी खाडीपलीकडच्या वाडीत विचारलं, "गरुड हाय काय रे हकडं?" एक म्हातारा म्हणाला, "हाय तर! जोडी हाय. रोज सकाळी वडावर येतात, फळं खायला."

आता "फळं खायला" हे शब्द माझ्या कानात शिरले, पण डोक्यात शिरले नाहीत. पाहुण्यासमोर माझी छाती फुगली होती ना! दुसऱ्या दिवशी पहाटे होडीने खाडी ओलांडून, दीड तास पाखाडी चढून वडाखाली पोचलो. सातच्या सुमाराला पंखांचा भस्स-भस्स आवाज आला आणि वडावर येऊन बसला तो धनेश. काळापांढरा, चोचीवर ते शिंग. शबल धनेश. आमच्याकडे कुणी त्याला ककणेर म्हणतं, पण कितीतरी गावांत धनेशाला सरळ गरुडच म्हणतात. म्हाताऱ्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं.

मी ओशाळून मास्तरांकडे बघितलं. ते दुर्बीण डोळ्याला लावून उभे होते आणि त्यांची मान हलतसुद्धा नव्हती. त्यांना धनेशाचं काय सांगायचं ते मात्र मला येत होतं. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. अंडी उबवायची, पिल्लं वाढवायची ती आत, आणि नर बाहेरून फळं आणून भरवतो. त्या काळात नर मेला तर आतल्यांचंही कठीण. हे मी मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी सांगितलं. "ढोली" साठी शब्द आठवेना तेव्हा वडाच्या खोडावर थाप मारली आणि वर्तुळ काढून दाखवलं. त्यांना कळलं.

तेव्हा तू असं कर. वहीत तीन रकाने आख. एकात इंग्रजी, एकात पुस्तकातलं मराठी, एकात वाडीतलं. तिसऱ्या रकान्यात गावाचंही नाव लिही. भारद्वाजाला आमच्याकडे कुकुडकोंबा म्हणतात, तुझ्या मामाच्या गावी आणखी काही म्हणत असतील. शास्त्रीय नाव जमलं तर चौथा रकाना. जर्मन असो, जपानी असो, लॅटिन नावाला सगळे मान डोलावतात. आणि म्हातारा "फळं खायला" म्हणाला तर ते ऐक.

*आम्ही दोघे मित्र एका परदेशी पाहुण्याला घेऊन किनाऱ्यावर टेलिस्कोप लावून बसलो होतो. गावकरी जमले, पोलीस आले, दोन तास चौकशी झाली. पाहुणा घाबरला. आमचा गुन्हा काय होता?*
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

गुन्हा काही नव्हता, पण गावकऱ्यांवर रागावू नका. १९९३ साली मुंबईत स्फोट घडवणारी सामग्री आपल्याच किनाऱ्यावर, शेखाडी आणि दिघीला उतरली होती. २०२२ च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरच्या बाजूला रायफली असलेली बेवारस बोट लागली, तेव्हा आठवडाभर सगळा किनारा जागा होता. अनोळखी माणसं, तीन पायांवर लांब नळी, तोंड समुद्राकडे. मीही तुमच्याजवळ येऊन विचारलं असतं.

मी काय करतो ते सांगतो. आदल्या दिवशी सरपंचाला नाहीतर पोलीस पाटलाला फोन. जवळ सागरी पोलीस ठाणं असेल तर तिथे जाऊन पाहुण्याचं नाव, कुठे उतरलाय, सकाळी कुठे बसणार ते सांगून येतो. बंदर, दीपगृह, तटरक्षक दलाची जागा यांच्याकडे भिंग वळवायचं नाही. आणि गावकरी जमले तर पहिल्यांदा त्यांनाच टेलिस्कोपातून बघू द्यायचं. एकदा बाईंनी कुरलाची ती वाकडी लांब चोच बघितली की पुढची पाच मिनिटं त्या शेजारणीला हाका मारण्यात जातात आणि चौकशी तिथेच राहते.

दोन गोष्टी मात्र पाहुण्याला तो घरून निघायच्या आधीच कळवा. सॅटेलाइट फोन, किंवा डोंगरात हिंडणारे लोक उपग्रहावरून निरोप पाठवायला जे लहानसं यंत्र बाळगतात ते, दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय आपल्याकडे चालत नाही. त्यांच्या देशात ते दुकानात मिळतं, म्हणून ते निर्धास्त बॅगेत टाकतात आणि विमानतळावर अडकतात. दुसरं, ड्रोन घरी ठेवायचा. २०२२ पासून बाहेरून तयार ड्रोन आणायलाच बंदी आहे. तसंही समुद्र गरुडाच्या घरट्यावर ड्रोन फिरवणाऱ्याला मी माझ्या अंगणात उभं करणार नाही.

*पावसाळ्यात तिबोटी खंड्याच्या घरट्यासमोर फोटो काढणाऱ्यांची रांग लागते. गाइड मोबाइलवर त्याचा आवाज वाजवतात. "पाहुणा लांबून आलाय, पुन्हा येणार नाही" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. तुमच्यासारखे लोकच याला जबाबदार आहेत असं माझं स्पष्ट मत आहे.*
— एक वाचक, पुणे

मत स्पष्ट आहे आणि थोडं खरंही आहे. म्हणून आधी माझं सांगतो.

अगदी सुरुवातीच्या काळात हर्णैच्या बाजूला मी एका जोडप्याला घेऊन गेलो होतो. पुळणीवर चारपाचशे कुरव, म्हणजे सीगल, बसले होते, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. बाईंच्या हातात कॅमेरा होता. मला वाटलं, बसलेल्या पाखरांचा फोटो तो काय, उडतानाचा द्यावा. मी धावत गेलो आणि टाळ्या वाजवल्या. सगळा थवा उठला, आभाळ पांढरं झालं. मी हसत मागे वळलो तर बाईंनी कॅमेरा खाली घेतलेला. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्या नवऱ्याने घड्याळ बघितलं आणि ते पाखरांकडे बघत उभे राहिले. अकरा मिनिटांनी थवा पुन्हा बसला, निम्माच. मग त्यांनी मला शांतपणे विचारलं, "ही इथे येण्यासाठी किती उडाली असतील?" मी पाहुणचार करायला गेलो होतो आणि बिल कुरवांच्या नावावर फाडलं.

तिबोटी खंड्याचं तर याहून वाईट. चिमणीपेक्षा लहान पाखरू, निळं-जांभळं-पिवळं, जूनच्या पहिल्या पावसाबरोबर येतं आणि ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतं. पाली, सापसुरळ्या, खेकडे आणून पिल्लांना भरवतं. रायगडने त्याला जिल्हा पक्षी केलं तेव्हा आनंद झाला, पण प्रसिद्धीची शिक्षाही त्यालाच झाली. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवला की त्याला वाटतं, दुसरा नर आपल्या जागेत घुसला. मग तो चोचीतली पाल टाकून भांडायला येतो. फोटो छान येतो. पिल्लं उपाशी.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला व्यत्यय आणणंही येतं. हे वाक्य मी गाइड मुलांना पाठ करायला लावतो. "शिकार" हा शब्द ऐकला की त्यांचे चेहरे बदलतात.

"लांबून आलाय" याबद्दल एक सांगू? माझ्याकडे आलेल्या पाहुण्यांपैकी आवाज वाजवा म्हणणारे दोघेच होते. बाकीच्यांना आपणच न मागता वाजवून दाखवतो. आपल्याला "नाही दिसलं" म्हणायची लाज वाटते, पाहुण्याला रित्या हाताने कसं पाठवायचं! मी आता पहिल्याच दिवशी सांगतो : दिसेल ते दिसेल. घरट्यावर नेणार नाही. ओढ्याच्या अलीकडे छत्री घेऊन बसू. दोनदा दिसलाय, तीनदा नुसता भिजून परत आलोय.

*मी आठवीत आहे. आमच्या सरांनी सांगितलं की सीगल सायबेरियातून येतात. त्यांना व्हिसा लागत नाही का?*
— एक विद्यार्थिनी, हर्णै

नाही गं बाय, त्यांचा सी-फॉर्मसुद्धा भरावा लागत नाही.

सरांचं अर्धं बरोबर आहे. काही जातीचे कुरव उत्तर रशियातून येतात. पण बंदरावर होड्यांभोवती जे घिरट्या घालतात, त्यांतले बरेच तपकिरी डोक्याचे कुरव. त्यांची घरं तिबेट, मध्य आशिया आणि आपल्या लडाखमधल्या उंचावरच्या तळ्यांकाठी. म्हणजे तू ज्याला परदेशी पाहुणा समजतेस तो लडाखचाही असू शकेल, आपल्याच देशातला, नुसता थंडीला कंटाळून आलेला. हिवाळ्यात त्याचं डोकं पांढरं असतं, डोळ्यामागे एक काळा ठिपका. जायच्या आधी, मार्चच्या सुमाराला, डोकं तपकिरी व्हायला लागतं. यंदा तारीख लिहून ठेव आणि मला कळव.

आणि पर्यटक त्यांना गाठी-शेव टाकतात तेव्हा तू "नको" म्हण. लिलावात पडलेली मांदेली त्याला पुष्कळ आहे.

*दुर्बीण कुठली घ्यावी आणि पाहुण्यांकडून किती पैसे घ्यावेत?*
— एक वाचक, कणकवली

दुर्बीण आठ गुणिले बेचाळीस. आठपट मोठं दिसतं, बेचाळीस मिलिमीटरचं भिंग उजेड पुरेसा घेतं, आणि हात थरथरला तरी पाखरू निसटत नाही. बारापटीच्या मोहात पडू नका. पैशाचा आकडा मी सांगणार नाही. जो ठरवाल तो आदल्या दिवशी सांगा, होडीवाल्याचे वेगळे सांगा. "तुमच्या खुशीने द्या" म्हणालात तर त्यांना रात्रभर झोप येत नाही, आणि तुम्हालाही.

*माझा मुलगा स्कॉटलंडला असतो. सून तिकडचीच. लग्नानंतर पहिल्यांदा येत्या जूनमध्ये ती केळशीला येतेय. मुलगा चार दिवस कामाला मुंबईला जाणार, तेव्हा आम्ही दोघीच घरात. तिला पाखरांची फार आवड आहे म्हणतात. मला इंग्रजी येत नाही, गुडघ्यामुळे लांब चालवत नाही. तिच्याशी बोलू काय?*
— एक आजी, केळशी

आजी, तुम्हाला कुठे जायची गरजच नाही. पडवीत दोन खुर्च्या टाका.

जूनमध्ये तुमच्या वाडीत माडावर नाहीतर विहिरीवर वाकलेल्या फांदीला सुगरणीचे खोपे लागलेले असतील. हे तुम्ही लहानपणापासून बघत आलात, पण तिला एक गंमत दाखवा. आपण सुगरण म्हणतो, पण खोपा विणतो तो पिवळ्या डोक्याचा नर. अर्धा विणून झाला की मादी येऊन पारख करते. पसंत पडला तर ती आत राहते आणि तो पुरा करतो, नाही पडला तर त्याची मेहनत वाया. आणि एक संसार मार्गी लागला की पठ्ठ्या दुसरा खोपा विणायला घेतो, दुसरीसाठी. हे सगळं सालिम अलींनी १९३० साली अलिबागजवळ किहीमला, रोज खोप्यांसमोर बसून, टिपून ठेवलं. सालिम अलींचं नाव तिला नक्की माहीत असेल. नुसतं "सालिम अली, किहीम" म्हणा आणि उत्तरेकडे हात करा. पुढचं ती बोलेल.

पडवीतल्या दिव्याच्या तारेला किंवा कपड्यांच्या दोरीला कोळिष्टकं गुंडाळल्यासारखं काही लोंबत असेल तर झाडून टाकू नका. ते शिंजीराचं घरटं असायचं. तिला बोटाने दाखवा, आणि ओठांवर बोट ठेवा.

आणि पावशा. पाऊस धरला की तो दिवसरात्र ओरडतो. आपल्याला तो "पेरते व्हा" म्हणताना ऐकू येतो. साहेब लोक इथे होते तेव्हा त्यांना तोच "ब्रेन फीवर" म्हणताना ऐकू आला, म्हणजे डोक्यात ताप. त्यांना उकाड्याने तसं वाटलं असेल, बिचारे. उत्तरेत लोक म्हणतात "पी कहाँ". तुम्ही तो ओरडला की मोठ्याने "पेरते व्हा" म्हणा, तिला म्हणायला लावा. मग तिच्याकडे बोट करून नुसती भुवई उडवा. तिच्या गावच्या बोलीत तो काय म्हणतोय ते तिला सांगू दे.

जे सांगेल ते मला पोस्टकार्डावर लिहून पाठवा. पन्नास पैशाला अजून मिळतं.